रिकाम्या चौकटीतलं नाव

१

सुनील सरांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला आणि ते उभेच राहिले. एरवी हा माणूस आल्या आल्या खुर्ची ओढतो, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि मग कामाचं बोलतो. त्या गुरुवारी सकाळी त्यांनी थेट कागदावर बोट ठेवलं.

कागद त्यांच्या वरच्या कार्यालयाचा होता. पिंपळतांड्याच्या शाळेतले शिक्षक सुनील इंगोले यांच्याविरुद्ध एका महिलेनं मारहाणीची आणि जिवे मारण्याच्या धमकीची ऑनलाइन तक्रार केली आहे. चौकशी होईपर्यंत त्यांनी शाळेत पाऊल ठेवू नये. चौकशी शनिवारी सकाळी अकरा वाजता, शाळेतच. सोबत तक्रारीची प्रत होती. त्यात सरांचं नाव, पद, मोबाइल नंबर, सगळं अचूक. तक्रार करणारीची ओळख मात्र गुप्त. खाली वेळ होती मंगळवार दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं, आणि तक्रार जिथून गेली त्या केंद्राचा क्रमांक.

तो क्रमांक मला झोपेतही सांगता येईल, कारण तो माझ्याच केंद्राचा आहे.

"दिपाली, माझी पोरगी दहावीला आहे," सर म्हणाले. "बोरी अरबला तिच्या वर्गात हे पोचायला किती वेळ लागंल? शनिवारी मी काय सांगू? तू एवढंच सांग, कोण बसलं होतं इथं?"

महागावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे, तीन संगणक आहेत आणि माझ्या अंगात थोडी घमेंड आहे, ती मी आधीच कबूल करते. बाकीच्या केंद्रांत माणसं तासन्‌तास ताटकळतात, माझ्याकडे नाही. कारण मी ब्राउझरला नाना तऱ्हेची जोडकामं, म्हणजे एक्स्टेन्शन, लावून ठेवली आहेत. एक जाहिराती अडवतं. एक पानावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतं. एक बोललेलं टाइप करतं. एक फॉर्ममधल्या चौकटी भरून देतं. पानावरची नको ती खिडकी लपवणारंही एक आहे. आणि गिऱ्हाईक उठलं की त्याचा सगळा माग पुसून टाकणारंही आहे, म्हणजे एकाचं गुपित दुसऱ्याला दिसायला नको.

"माग पुसला जातो सर," मी म्हणाले. "मलाच काही दिसणार नाही."

कोपऱ्यातून पेपर घडी केल्याचा आवाज आला. पुष्पाताई उठल्या होत्या.

२

पुष्पाताई कदम तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी माझ्याकडे फुकट पेपर वाचतात आणि माझ्या गिऱ्हाइकांवर शेरे मारतात. एखादा माणूस फोनवर खोटं बोलतोय का, हे त्यांना पलीकडच्या खोलीतून कळतं. आमच्या गल्लीत दोन चोऱ्या त्यांनी चहा पिता पिता उघडकीला आणल्या आहेत, त्यामुळे लोक त्यांच्यासमोर जरा जपूनच बोलतात.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी तक्रार वाचली. "दारू पिऊन येते अन् मारते दोनदा गळा धरला कोणाले सांगितलं तर गाडून टाकीन म्हणते गावात लई मान हाये त्यायले म्हणून माह्यं कोणी खरं मानणार नाही पोट्ट्यायसमोर हसा लागते पण आता मले जगणं होत नाही"

सर खाली बसले. ते दारूला शिवतही नाहीत, हे सगळ्या तांड्याला माहीत आहे.

"एक बी टिंब नाही, एक बी दांडी नाही," पुष्पाताई म्हणाल्या. "हे लिवलेलं नाही पोरी. बोललेलं हाये. अन् एवढं सगळं बोलली, पण माणसाचं नाव आतमंदी एकदा बी नाही. वरतं चौकटीत तेवढं."

बोलून टाइप करायची सोय फक्त तीन नंबरच्या संगणकावर आहे. पडद्याआडचा कोपरा, कानाला लावायचा हेडफोन आणि एक मोठं हिरवं बटण. ते दाबून कोणता फॉर्म हवा ते बोललं की संगणक तो उघडतो आणि प्रश्न वाचतो, तुम्ही बोलायचं, तो लिहून पुढच्या प्रश्नाला जातो. वाचता न येणाऱ्या बायांसाठी ते मी केलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मंगळवारी दुपारी दोनला लाइट गेली होती. गर्दी पांगली. वीस मिनिटांनी लाइट आली तेव्हा तिघंच थांबलेले होते आणि तिघंही आळीपाळीनं तीन नंबरवर बसून गेले. मी बाहेर झेरॉक्सच्या यंत्राशी झटत होते.

पहिला अमर. शाळेच्या फाटकासमोरची त्याची पानटपरी सरांनी अर्ज करून हलवायला लावली होती. दुसरी वर्षा मॅडम, त्याच शाळेतली दुसरी शिक्षिका. सर गेले तर शाळेचा कारभार तिच्याकडे येणार. तिसरी जमनीबाई, शाळेत खिचडी शिजवणारी. तांड्याचे कारभारी रूपसिंग राठोड यांची बायको. दर मंगळवारी ती निझामाबादला असलेल्या मुलाला, नयनला, व्हिडिओ कॉल लावायला यायची.

"दोन दिवस हायेत," पुष्पाताई म्हणाल्या. "स्कूटर काढ."

३

अमर नव्या जागी, फाट्यावर, पान लावत होता. सरांचं नाव काढताच त्यानं चुना आपटला.

"मले वाटलंच, माह्यावरच येणार! काहून? मी भांडलो म्हणून? हौ, भांडलो. त्याच्या तोंडावर भांडलो, साऱ्या गावासमोर. बाईच्या नावानं कागद कायले करू?"

"मंगळवारी कायले गेलता?" पुष्पाताईंनी विचारलं.

"टपरीच्या परवान्याचा अर्ज होता. मले टाइप करणं येत नाही, म्हणून बोलून केला." मग त्याचा आवाज खाली आला. "ताई, मी रागात होतो हे खरं. सोमवारी रात्री मास्तरले दहा फोन लावले, शिव्या द्याले. नंबर बंद. आज बी बंदच हाये. पाहा."

त्यानं फोन पुढे केला. नंबर सरांचाच होता, पण जुना. पुष्पाताईंनी तो दोनदा वाचला आणि पर्समधून तक्रारीची प्रत काढून तिच्याशी ताडून पाहिला. प्रत घडी करून त्यांनी परत पर्समध्ये ठेवली. मला मात्र त्यांचा चेहरा ओळखीचा आहे, त्यांना काहीतरी सापडलं होतं.

तिथेच रूपसिंग कारभारी मोटारसायकलवरून उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. शाळा समितीचे अध्यक्ष तेच.

"मास्तर देवमाणूस हाये," ते आम्हाला म्हणाले. "ज्यानं कोणी हे केलं त्याले तांडा सोडणार नाही. मी स्वतः शनिवारी बसतो, काही चिंता करू नोका."

मला धीर आला. असा वजनदार माणूस पाठीशी उभा आहे म्हटल्यावर कोणालाही येईल.

४

वर्षा मॅडम शाळेच्या व्हरांड्यात भेटली. आम्हाला पाहताच तिचे डोळे भरून आले. ते मला खोटं वाटलं, आणि मी तसं तोंडावर दाखवलंही.

"माझ्यामुळेच झालं," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात आयांची सभा घेतली मी. तक्रार कुठं करायची ते सांगितलं. दिपालीताईंच्या केंद्रात हिरवं बटण दाबा, नाव गुप्त राहतं, असं मीच म्हणाले. कोणीतरी त्याचा असा वापर करेल हे माझ्या डोक्यातच..." तिचा फोन वाजला. "ओम, दहा मिनिटांनी कर ना. ताई आल्यात." फोन ठेवून ती म्हणाली, "माझा नवरा. तोही म्हणतो, तू कशाला पडलीस त्यात."

पुष्पाताई तिच्याकडे पाहून हसल्या. "सरांचा नंबर हाये तुह्यापाशी?"

तिनं सांगितला. जुनाच होता. "पण तो लागत नाही. सोमवारी सरांचा फोन विहिरीत पडला. नवं सिम घेतलंय म्हणे. मला तो नंबर बुधवारी संध्याकाळी मिळाला, पण मी अजून साठवलेला नाही."

परतताना मी पुष्पाताईंना म्हणाले, "मला तर ही बाईच वाटते. सभा तिनं घेतली, फायदा तिचा."

"स्कूटर थांबव."

मी थांबवली. दोन्हीकडे तुरीची शेतं होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"तक्रारीत नवा नंबर हाये," पुष्पाताई म्हणाल्या. "सोमवारी संध्याकाळी घेतलेला. अमरपाशी नाही, वर्षापाशी मंगळवारी नव्हता. जमनीबाईले तर आकडे बी वाचता येत नाही. दुश्मनी करणाऱ्यानं तो नंबर आणला कुठून? मंगळवारी दुपारी हा नंबर साऱ्या महागावात एकालेच माहीत होता."

"कोणाला?"

"तुले."

५

मी रागानं लाल झाले. "ताई, तुम्ही मला चौथीपासून ओळखता!"

"म्हणून तर विचारून राह्यली. तुले नंबर कवा देला त्यायनं?"

मग मला आठवलं. मंगळवारी बारा वाजता सर तेवीस मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला आले होते. तीन नंबरवर. प्रत्येक फॉर्ममध्ये शिक्षकाचं नाव, पद, मोबाइल. तेवीस वेळा कोण टाइप करणार? मी सरांची माहिती चौकटी भरणाऱ्या जोडकामात साठवून ठेवली होती. त्यानंतर लाइट गेली. माग पुसणारं जोडकाम ही साठवण पुसत नाही.

केंद्रात आल्यावर पुष्पाताईंनी मला तीन नंबरसमोर बसवलं. "तक्रारीचं पान काढ. बटण दाब. आता प्रश्न आला का गप राह्य."

हेडफोनमध्ये बाईचा आवाज म्हणाला, तक्रार कोणाविरुद्ध आहे, त्यांचं नाव सांगा.

मी गप्प राहिले. दहा सेकंद गेली. रिकामी चौकट लुकलुकली आणि आपोआप भरली. पाठोपाठ पत्ता, मोबाइल. सकाळी मी गॅसच्या फॉर्मसाठी साठवलेली शेवटची माहिती होती ती. बबनराव, वय एकाहत्तर, काठी टेकत आलेले, आता बायकांना मारहाण करणारे ठरत होते. संगणक निमूट पुढच्या प्रश्नाला गेला.

मी घाईनं पान बंद केलं. ती सोय मीच लावली होती, की माणूस अडकला, चौकट रिकामी राहिली तर शेवटची माहिती भरून पुढे जा.

"पण पाठवायच्या आधी एकदा सगळं तपासायचं पान येत असंल ना?" त्यांनी विचारलं.

"येतं," मी म्हणाले. "लोक तिथं गोंधळायचे. म्हणून ते मी लपवून टाकलंय. मागे आपोआप 'हो' होतं."

पुष्पाताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. सरांची नोकरी, त्यांच्या पोरीची मान, सगळं मी माझ्या हुशारीनं पणाला लावलं होतं.

"पण ताई, जी तक्रार करायला आली ती ऐन नावालाच गप्प का बसेल?"

"एक्स्चेंजमंदी बाया यायच्या ट्रंक कॉल लावाले," त्या म्हणाल्या. "मी विचारो, कोणाशी बोलता? समोरून आवाजच नाही. लाइन तुटली का काय असं वाटे. मंग बारीक आवाजात, 'पोराच्या बापाशी.' सारं बोलतील, पण ते नाव घेणार नाहीत. मले सवय झाली होती. तुह्या मशीनले नाही."

मंगळवारी तिघंच होते. अमर पुरुष. वर्षा नवऱ्याला चारचौघांत ओम म्हणते.

६

शुक्रवारी दुपारी जमनीबाई शाळेच्या स्वयंपाकखोलीत तांदूळ निवडत होती. तिच्या दंडावरचा काळानिळा डाग मी आधीही पाहिला होता. चुलीचं पातेलं लागलं, असं ती म्हणाली होती आणि मी ते मानलं होतं.

पुष्पाताई तिच्याशेजारी खाली बसल्या आणि सुपातले खडे काढू लागल्या. मूठभर खडे बाजूला टाकून म्हणाल्या, "नयनच्या बापानं गळा कवा धरला?"

जमनीबाईचे हात थांबले. तिनं आधी दाराकडे पाहिलं.

"चार दिस झाले वाट पाहून राह्यलो," ती म्हणाली. "आज येतील पोलीस, उद्या येतील. कोणीच आलं नाही. मले वाटलं, त्यायचं नाव पाहून भेले असतील."

"तुझ्या तक्रारीत त्यांचं नावच नाही जमनीमावशी," मी म्हणाले. "सुनील सरांचं आहे."

मास्तर का येत नाहीत हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"असं कसं? तूच तर दरवेळी म्हणते बाई, तुमी फक्त अंगठा ठेवा, नवऱ्याचं नाव कार्डावरून येते. मशीननं नाव विचारलं तवा मी गप राह्यलो. मले वाटलं, मशीनले माहीत हाये."

खरंच, मीच म्हणते. राशन, आधार, पेन्शन, कुठल्याच फॉर्मला मी तांड्यातल्या बायांना ते नाव विचारलेलं नाही. त्यांना लाज वाटू नये म्हणून. त्यांचा वेळ वाचावा म्हणून.

"मी उद्या सांगते चौकशीत," मी म्हणाले. "चूक माझी आहे. सर सुटतील."

"अन् विचारलं, कोण होती ते?" पुष्पाताई म्हणाल्या. "केंद्रवाली आपली कातडी वाचवून राह्यली, असंच म्हणतील. बाई समोर आली नाही तर मास्तर सुटत नाही. अन् तक्रार खोटी ठरवून बंद केली तर हिच्याकडं कोणी येत नाही." मग जमनीबाईला म्हणाल्या, "पण जीव तुहा हाये. तू नाही म्हणली तर आमी तुहं नाव काढत नाही."

मला हे पटलं नाही. सरांची पोरगी डोळ्यांसमोर येत होती. पण मी तोंड मिटून बसले. आयुष्यात पहिल्यांदा बसले असेन.

जमनीबाई म्हणाली, "माह्यं नाव नोका घेऊ," आणि तांदूळ धुवायला उठली. आम्ही निघताना ती पाठमोरी होती. तेवढ्यात म्हणाली, "नयनले फोन लावून दे बाई."

मी लावून दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आतून गोरबोलीतलं, म्हणजे तांड्याच्या बंजारा भाषेतलं, बोलणं ऐकू येत होतं. मग नुसतं रडणं. मग नयनचा आवाज चढला. मला त्यातलं 'याडी' तेवढं कळलं, म्हणजे आई.

७

शनिवारी वर्गातले बाक भिंतीला लावून मधोमध टेबल टाकलं होतं. चौकशीला आलेल्या मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. एका बाजूला सुनील सर, आपल्याच वर्गात पाहुण्यासारखे. दुसऱ्या बाजूला समितीचे अध्यक्ष म्हणून रूपसिंग कारभारी. खिडकीला तांड्यातल्या बाया.

मी सगळं सांगितलं. साठवलेली माहिती, आपोआप भरणारी चौकट, लपवलेलं पान. लॅपटॉपवर करून दाखवलं. माझं केंद्र बंद झालं तरी चालेल, असंही म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. "असं होऊ शकतं, हे तुम्ही दाखवलं. पण मंगळवारी असंच झालं, हे कशावरून? ती बाई कुठे आहे?"

मी पुष्पाताईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"मॅडम," रूपसिंग खाकरून म्हणाले, "आमच्या तांड्यातली बाई असं करणारच नाही. घरातली गोष्ट आमी घरात मिटवतो. हे बाहेरच्या कोणाचं काम हाये. मास्तर देवमाणूस."

सरांनी त्यांच्याकडे पाहून हात जोडले. मला ते बघवेना.

"बाई आलीच नाही तर मला आहे तीच तक्रार पुढे पाठवावी लागेल," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फाइल बंद केली.

दारात जमनीबाई उभी होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, हात ओले. ती टेबलापर्यंत आली आणि नवऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"कागद माहा हाये," ती म्हणाली.

"मास्तरांविरुद्ध?"

"नाही. मास्तरनं मले कदी वाकडं बोललं नाही. पोट्टे त्यायले विचारून राह्यले रोज."

"मग कोणाविरुद्ध?"

उत्तर आलं नाही. दहा सेकंद गेली असतील, वीस गेली असतील. रूपसिंग खुर्चीतून अर्धे उठले आणि गोरबोलीत हळू, अगदी मायेनं बोलल्यासारखं काहीतरी म्हणाले. मला त्यातला 'घर' हा एकच शब्द कळला. जमनीबाईनं पदर आणखी पुढे ओढला. मला वाटलं, ती आता फिरणार आणि त्यांच्या मागे निघून जाणार. ओरडून ते नाव मीच सांगून टाकावं, असं माझ्या मनात आलं. पुष्पाताईंनी माझं मनगट धरलं.

"रूपसिंग," जमनीबाई म्हणाली.

खिडकीतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला.

"पूर्ण नाव?"

"रूपसिंग लालसिंग राठोड. हेच, जे मागं बसले हायेत."

मॅडमनी फाइल पुन्हा उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "परत एकदा सांगा. मी लिहून घेते."

तिनं परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.